पाऊल सपाट, दुखणं अफाट!

संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये बोरिवली मागे पडली की लेडीज डब्यात एक दृश्य हमखास दिसतं. कुणीतरी हळूच एक पाय चपलेतून बाहेर काढते आणि दुसऱ्या पायाच्या पोटरीवर घासते. थोड्या वेळाने पाय बदलते. कुणी वरच्या कडीला लटकून टाचा वर-खाली करते. चौथ्या सीटवर अर्धवट टेकलेली एखादी वाकून घोटा दाबत असते. चर्चगेट ते विरार हे अंतर ६० किलोमीटरचं. फास्ट गाडीलासुद्धा सव्वा तास तरी लागतो आणि नोकरदार वसई-विरारकर त्यातला बराचसा वेळ उभ्यानेच काढतो. तळपायाची आग मस्तकात जाते असं आपण रागाबद्दल म्हणतो. आमच्या डब्यात ते अगदी शब्दशः खरं आहे!

मी विरारची, ऑफिस अंधेरीला. गेल्या वर्षी पावसाळा संपता संपता माझ्या उजव्या घोट्याच्या आतल्या बाजूला ठणका सुरू झाला. सकाळी काहीच नाही. संध्याकाळी स्टेशनचा पूल चढताना मात्र असं वाटायचं, की घोट्याच्या हाडामागे कुणीतरी दोरी ओढतंय. ऑफिसात सल्ल्यांचा पाऊस पडला. गरम पाण्यात मीठ टाकून पाय बुडव, फ्रीजमधली बाटली तळव्याखाली फिरव, वजन कमी कर गं... आणि सगळ्यात ठाम निदान आमच्या आत्याचं. "तुझे पाय पहिल्यापासून फताडेच आहेत. दुखणारच!"

फताडे! काय तो शब्द! एकेकाळी मुलगी बघायला आलेली मंडळी "जरा चालून दाखव बाळ" म्हणायची, तेव्हा पायांवरही नजर असायचीच. दिवाळीत उंबऱ्यापाशी आपण लक्ष्मीची पावलं काढतो, त्यांनासुद्धा मधे छानशी खोलगट कमान असते. माझ्या पावलांना ती कधीच नव्हती. पण मग तीसएक वर्षं न दुखलेला पाय आताच का दुखायला लागला? आणि दोन्ही पाय सारखेच सपाट असताना एकच का? या प्रश्नांची उत्तरं शोधताना बऱ्याच समजुती धडाधड कोसळल्या.

ओला पाय काय सांगतो?

आपला तळवा सपाट आहे की नाही, हे बघायला पैसे लागत नाहीत. ओला पाय जुन्या वर्तमानपत्रावर ठेवा. रविवारी राजोडीला किंवा अर्नाळ्याला जाणार असाल, तर ओल्या वाळूवर चालून मागे वळून बघा. टाच आणि चवडा यांना जोडणारा बाहेरच्या बाजूचा पट्टाच उमटला, तर कमान आहे. अख्खा तळवाच उमटला, तर तळवा सपाट.

पण इथे थांबू नका. आता आरशासमोर किंवा कुणाला तरी मागे उभं करून दोन्ही चवड्यांवर उंच व्हा. टाचा उचलल्यावर कमान दिसू लागली आणि टाचा किंचित आत वळल्या, तर तुमचा तळवा 'लवचीक सपाट' आहे. उभं राहिल्यावर कमान दबते, भार काढला की परत येते. सपाट तळव्यांतले बहुतेक याच जातीचे. चवड्यांवर उभं राहूनही कमान आलीच नाही, तर तळवा 'ताठ सपाट'. त्याची गोष्ट वेगळी. तो डॉक्टरांना दाखवायलाच हवा, विशेषतः मुलगा-मुलगी वयात येत असताना असं दिसलं तर. पायातली दोन हाडं जन्मापासून जोडलेली राहिल्याने असं होऊ शकतं.

मॉलमधला लालभडक पाय

दरम्यान मैत्रिणीच्या आग्रहाने मी एका मॉलमधल्या दुकानात गेले. काचेच्या यंत्रावर उभं राहिलं, की समोरच्या स्क्रीनवर आपले तळवे रंगीत दिसतात. माझे लालभडक! विक्रेत्याने गंभीर चेहरा केला. "मॅडम, तुमची आर्च पूर्ण कोलॅप्स झालीय. आत्ता कस्टम इनसोल घेतले नाहीत, तर पुढे गुडघे जातील, मग कंबर." किंमत साडेसहा हजार. कुठे दुखतं, कधीपासून दुखतं, हे त्याने विचारलंच नाही. मी "विचार करून सांगते" म्हणून निघाले आणि पुढच्या शनिवारी वसईत हाडांच्या डॉक्टरांकडे गेले.

तिथे कोणतंही यंत्र नव्हतं. डॉक्टरांनी मला आधी चालायला लावलं, मग चवड्यांवर उभं केलं, मग एकेका पायावर. डाव्या पायावर टाच दहा वेळा सहज उचलली गेली. उजव्यावर तिसऱ्या वेळीच पाय थरथरला. नंतर त्यांनी घोट्याच्या आतल्या हाडामागे बोट दाबलं आणि मी ओरडले. "तळवा सपाट आहे, ती तुमची ठेवण झाली," ते म्हणाले. "कुणाचं नाक सरळ, कुणाचं बसकं. दुखणं इथे आहे." बोट अजून तिथेच!

दुखतं कुठे आणि का?

एका पावलात २६ हाडं असतात. त्यांची कमान उभी राहते ती सांध्यांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर आणि नडगीच्या मागून खाली येणाऱ्या एका स्नायूच्या दोरीवर. ही दोरी घोट्याच्या आतल्या हाडामागून वळसा घेऊन पावलाच्या मध्यावर, नावेच्या आकाराच्या एका हाडावर मुख्यतः पकड घेते. प्रत्येक पावलागणिक ती कमान वर धरून ठेवते. ज्यांचा तळवा सपाट आहे, त्यांच्या दोरीला जास्त काम पडतं. काम एका मर्यादेत असेल तोवर ती तक्रार करत नाही. मर्यादा ओलांडली की सुजते, दुखते.

मग माझी मर्यादा का ओलांडली गेली? डॉक्टरांनी गुडघा सरळ ठेवून माझं पाऊल वर ढकललं. ते काटकोनाच्या पुढे जाईचना. पोटऱ्या आखडलेल्या, उजवी जास्त! आपण चालतो तेव्हा पाऊल जमिनीवर असताना नडगी त्याच्यावरून पुढे झुकावी लागते. पोटरी आखडलेली असेल, तर घोटा पुरेसा वाकत नाही. मग शरीर पळवाट काढतं, पावलाचा मधला भाग आत दाबून ती कसर भरून काढतं. म्हणजे दोरीवर आणखी ताण. दिवसभर खुर्चीत, सकाळ-संध्याकाळ गाडीत एकाच जागी खिळून उभं, आणि पावसाळाभर पायात पातळ सपाट प्लॅस्टिकच्या चपला. ऑफिसला जाणाऱ्या कितीजणांची दिनचर्या अशीच असते, नाही का?

फौजेने केली बदनामी, फौजेनेच दिली क्लीन चिट

सपाट तळव्याला इतकं वाईट नाव पडलं ते मुख्यतः सैन्यभरतीमुळे. आपल्याकडे निमलष्करी दलांच्या शिपाई भरतीच्या निकषांतही सपाट तळवे बसत नाहीत. गंमत म्हणजे या समजुतीला धक्का दिला तो सैनिकांवरच्याच अभ्यासांनी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॅरिस आणि बीथ या दोघांनी कॅनडाच्या सुमारे ३,६०० सैनिकांचे पाय तपासले. त्यांचा अहवाल १९४७ मध्ये आला. साधारण चारातल्या एका सैनिकाचा तळवा सपाट निघाला. त्यातले दोन तृतीयांश नुसते लवचीक सपाट होते, आणि त्यांना त्याचा काही त्रास नव्हता. त्रास व्हायचा तो मुख्यतः दोन गटांना. एक, ज्यांच्या टाचेमागची शीर आखूड होती त्यांना, म्हणजे पोटरीचाच मामला. आणि दुसरा, ज्यांचं पाऊल ताठ होतं त्यांना.

१९९३ मध्ये अमेरिकी पायदळाच्या २४६ प्रशिक्षणार्थींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. कवायतीत दुखापती सगळ्यात कमी कुणाला झाल्या? ज्यांचे तळवे सगळ्यात सपाट होते त्यांना! जास्त दुखापती उंच कमानवाल्यांच्या वाट्याला आल्या. तेव्हा 'फताडे आहेत, दुखणारच' हे आत्याचं वाक्य मी आता आदराने, पण ठामपणे नाकारते.

बारा आठवड्यांचा कार्यक्रम

मला फिजिओने जे व्यायाम दिले, त्यांना जिम लागत नाही. भिंत, टेनिसचा चेंडू आणि वीस मिनिटं एवढंच भांडवल.

पहिला, पोटरीचा ताण. भिंतीला हात टेकून एक पाय मागे. मागचा गुडघा सरळ, टाच जमिनीला चिकटलेली, पाऊल नाकासमोर. तळवा आत दबू नये म्हणून आतल्या कडेखाली नॅपकिनची छोटी गुंडाळी. ३० सेकंद, तीनदा. मग तेच गुडघा थोडा वाकवून.

दुसरा, टाचा उचलणं. दोन टाचांच्या मधे टेनिसचा चेंडू धरून चवड्यांवर उंच व्हायचं. वर जाताना हळू, खाली येताना त्याहून हळू. दहाचे तीन सेट. हे जमलं की एका पायावर.

तिसरा, 'छोटं पाऊल'. बोटं न मुडपता अंगठ्याखालची गादी टाचेकडे ओढायची. कमान किंचित उचलली जाते. पाच सेकंद धरा, सोडा, दहा वेळा. हा बसून जमला की उभ्याने करा, मग गाडीत करा. शेजारणीला पत्ताही लागत नाही!

चौथा, रबराच्या पट्ट्याने पाऊल आतल्या बाजूला ओढून अगदी सावकाश परत सोडणं. दुखऱ्या दोरीसाठी खास व्यायाम आहे हा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत याच दोरीच्या दुखण्याच्या रुग्णांचे तीन गट केले होते. सगळ्यांना सुखतळे आणि पोटरीचे ताण दिले. दोन गटांना त्यावर दोन प्रकारचे पट्ट्याचे व्यायाम. १२ आठवड्यांनी तिन्ही गट सुधारले, पण सगळ्यात जास्त सुधारला तो सावकाश सोडण्याचा व्यायाम करणारा गट.

हलकं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणकत असेल, तर सेट कमी करा. पूर्ण आराम मात्र नको. स्नायू बसून मजबूत होत नाहीत! आणि या काळात नवी हौस थोडी लांबवा. २०११ मध्ये आपल्याकडे महापौर मॅरेथॉन सुरू झाल्यापासून वसई-विरारमध्ये धावणाऱ्यांची कमी नाही, आणि जीवदानीच्या तेराशेहून जास्त पायऱ्या तर वर्षभर बोलावत असतात. जा जरूर, पण पायांची तयारी झाल्यावर.

माझा हिशेब सांगते. चौथ्या आठवड्यापर्यंत काहीच फरक नाही. सहाव्यात पूल चढताना दुखणं विसरले. बाराव्यात उजव्या पायावर टाच वीस वेळा उचलली. मग मुद्दाम वर्तमानपत्रावर ओला पाय ठेवून बघितला. ठसा आधीइतकाच सपाट! दुखणं गेलं, फताडेपणा तसाच आहे. तो आता नांदो सुखाने.

सुखतळा हवा, पण कोणता?

इनसोलला मराठीत किती गोड शब्द आहे, सुखतळा! दुखऱ्या दिवसांत तो खरंच सुख देतो, दोरीवरचा भार थोडा हलका करतो. माझ्या डॉक्टरांनीही दिला, पण आतून घट्ट आधार असलेला तयार मिळणारा, काही शे रुपयांचा. टाचदुखीच्या १३५ रुग्णांवरची एक ऑस्ट्रेलियन चाचणी २००६ मध्ये प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर तयार सुखतळे आणि मापाचे सुखतळे यांच्या गुणात फरक दिसला नाही. मापाचे खरोखर लागतात ते पावलाचा आकार बदलत चालला असेल किंवा ते ताठ असेल तेव्हा, आणि तेही तपासणीनंतर. अशा वेळी हाजीअलीच्या ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ फिजिकल मेडिसिन अँड रिहॅबिलिटेशन या केंद्र सरकारच्या संस्थेचा पर्याय लक्षात ठेवा. १९५५ पासूनची संस्था, महालक्ष्मी स्टेशनच्या बाजूला.

बूट घेताना तीन गोष्टी करा. टाचेचा मागचा भाग बोटांनी दाबा, तो कडक हवा. बूट ओल्या कपड्यासारखा पिळून बघा, सहज पिळला गेला तर ठेवून द्या. वाकवून बघा, तो चवड्यापाशी वाकावा, मधे नाही. कोल्हापुरी सुंदरच दिसते, पण तिचा तळ सपाट, तेव्हा ती लग्नसमारंभापुरती. आणि पावसाळ्यात नालासोपाऱ्यात गुडघाभर पाणी साचलं, की बूट घालणं अशक्यच, म्हणून मागे पट्टा असलेली जाड तळाची सँडल घ्या.

भाच्याचे पाय सपाट आहेत?

असू देत! लहान मुलांचे तळवे सपाटच दिसतात. कमान हळूहळू घडते, साधारण दहाव्या वर्षापर्यंत. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात लवचीक सपाट तळव्यांच्या मुलांना तीन वर्षं खास बूट आणि सुखतळे दिले. त्यांचे पाय सुधारले. पण ज्यांना काहीच दिलं नव्हतं, त्यांचेही तेवढेच सुधारले!

आणि आपल्या शेजारच्या कर्नाटकातला अभ्यास तर डोळे उघडणारा आहे. मणिपालच्या डॉ. यू. बी. राव आणि डॉ. बेंजामिन जोसेफ यांनी ४ ते १३ वयाच्या २,३०० मुलांचे पायाचे ठसे घेतले. हा अभ्यास १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला. पायात काही ना काही घालणाऱ्या मुलांत ८.६ टक्के सपाट तळवे, अनवाणी वाढणाऱ्यांत फक्त २.८ टक्के. बंद बूटवाल्यांत सगळ्यात जास्त, चपला-सँडलवाल्यांत त्याहून कमी. तेव्हा भाच्याला घरात आणि भुईगावच्या वाळूत खुशाल अनवाणी पळू द्या. मोठ्यांनी मात्र यावरून घरच्या टाइल्सवर अनवाणी फिरायला सुरुवात करू नये. दुखऱ्या पायाला ते मानवत नाही, आणि मधुमेह असेल तर अनवाणी चालणं धोक्याचंच.

आईची चप्पल

हे सगळं चालू असताना एक दिवस आईच्या चपलेकडे लक्ष गेलं. डावीचा तळ आतल्या बाजूने पार झिजलेला, उजवी जवळजवळ नवी. आई ५६ वर्षांची, शाळेत शिकवते, दिवसभर फळ्यासमोर उभी. "वय झालं की पाय पसरतातच," ती म्हणाली. मी तिला पाठमोरी उभी केली. उजव्या पायाची बाहेरची फक्त करंगळी आणि शेजारचं बोट दिसत होतं. डाव्याची तीन, जवळजवळ चार. डाव्या पायावर एकटीने टाच उचलायला सांगितली. एकदाही उचलली गेली नाही.

माझ्या दोन्ही तळव्यांचा सपाटपणा जन्माचा. आईचा एकाच पायाचा, आणि अलीकडचा. फरक हाच. मोठेपणी एकच पाऊल सपाट होऊ लागतं, तेव्हा बहुतेकदा ती दोरी झिजत, सैल होत असते. चाळिशी ओलांडलेल्या बायकांत हे जास्त दिसतं. वजन, मधुमेह, रक्तदाब यांची त्यात भर. सुरुवातीला पाऊल लवचीक असतं, तेव्हा ब्रेस, सुखतळा आणि फिजिओ यांनी बऱ्याच जणांचं भागतं. तसंच चालत राहिलं, तर सांधे ताठ होतात आणि मग हाडं कापून बसवणं किंवा सांधे जोडून टाकणं, अशी मोठी ऑपरेशन्स उरतात.

आईचं पाऊल अजून लवचीक आहे, असं डॉक्टर म्हणाले. घोट्याला ब्रेस, पायात बूट, आणि रोज संध्याकाळी भिंतीपाशी माझ्या शेजारी उभं राहून पोटरीचे ताण. शाळेच्या हळदीकुंकवाला ती पैठणीवर स्पोर्ट्स शूज घालून गेली. बायका हसल्या म्हणे. तिनेच मग दोघींना चवड्यांवर उभं करून त्यांचे पाय तपासले!

तेव्हा आज घरी गेलात की आधी स्वतःचा ओला पाय बघा, आणि मग दारातल्या सगळ्यांच्या चपला उलट्या करून बघा. दोन्ही सारख्या झिजल्या असतील, तर निवांत. एकच आतून झिजली असेल, घोट्याच्या आत सूज असेल, एका पायावर टाच उचलता येत नसेल किंवा पायाला बधिरपणा असेल, तर मीठ-पाणी बाजूला ठेवा आणि याच आठवड्यात डॉक्टरांची वेळ घ्या.